दुसऱ्या ओळीतला पहिला चौकोन

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ठकीने पाणी मागितलं, आणि वर्गातल्या मदतनीस मावशींनी तिच्या पुढ्यातला भरलेला पेला उचलून नेला.

मावशींचा दोष नव्हता. नऊ वर्षांची ठकी तोंडाने बोलत नाही. शाळेने दिलेल्या टॅबलेटवर ती चित्राचा चौकोन दाबते आणि टॅबलेट शब्द उच्चारतो. त्या सकाळी तो "पुरे" म्हणाला होता. ठकीने पुन्हा दाबलं. पुन्हा "पुरे". मावशी म्हणाल्या, "अगं हो बाई, नेला की!"

वर्गाच्या बाईंनी टॅबलेट जवळ ओढून पाहिला. ठकी चित्रं बघत नाही, तिच्या बोटाला जागा पाठ आहेत. दुसऱ्या ओळीतला पहिला चौकोन म्हणजे पाणी. तिथे आता "पुरे" होतं.

आदल्या शुक्रवारी तपासणीसाठी सगळे टॅबलेट कोरे करून, म्हणजे कंपनीच्या मूळ चौकोनांवर आणून, द्यायचे होते. बाईंनी हुकूम पाळला. आधी ठकीच्या चौकोनांची प्रतही काढून ठेवली.

"प्रत आहे ना? मग रडताय कशाला?" सोमवारी दुपारी बाईंनी बोलावलेला टॅबलेट दुरुस्तीवाला म्हणाला.

"आहे. आत."

"आत म्हणजे कशात?"

"टॅबलेटमध्येच."

तो हसला नाही, हे बाईंना जास्त लागलं. घराची किल्ली घरात ठेवून कुलूप ओढून घेतलं होतं त्यांनी. तीन वर्षांत एकेक करून बसवलेले दोनशे अकरा चौकोन गेले होते.

सोमवारी संध्याकाळी आठवतील तेवढे त्यांनी पुन्हा बसवले. साठ झाले. पहिलं पाणी, जागच्या जागी.

मंगळवारी ठकीची आई इस्त्रीच्या दुकानातून तशीच आली, मनगटावर ताजा चटका घेऊन.

"बाई, शनिवार-रविवार पोरगी मला सारखी 'मोटार' म्हणत होती. मला वाटलं, फिरायला न्यायचंय. दोनदा चौकापर्यंत नेऊन आणलं. मग लक्षात आलं, ती 'आई' म्हणत होती." ती हसली. "म्हटलं, मोटार तर मोटार. चाकं लावून घेते."

बाईंना हसता आलं नाही. "माझ्या हातून झालं ते," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

आईने मनगटावर फुंकर घातली. "तुमच्याच हातून ती बोलायला लागली होती. आता शिव्या कुणाला घालू?" मग विचारलं, "गुरुवारी काय?"

गुरुवारी टॅबलेटचा वापर तपासणारी समिती येणार होती. मूल टॅबलेट वापरत नसेल, तर तो काढून यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायचा, असा नियम. बाईंनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, तारीख पुढे ढकलायची विनंती केली.

"तारीख वरून आलीय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि यादीतलं पोरही कुणाचं तरी पोरच आहे ना?"



तोवर पाण्याचा चौकोन जागेवर आला होता, ठकी परत आली नव्हती. मंगळवारी ती टॅबलेटजवळ बसली, बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. बुधवारी बाईंनी तिचं बोट धरून पाण्यावर टेकवलं. "पाणी," टॅबलेट म्हणाला. ठकीने हात सोडवून घेतला.

गुरुवारी अकरा वाजता समितीचे दोघे आले. एक पुरुष, एक बाई, दोघंही सौम्य बोलणारे. त्यांनी टेबलावर भरलेला पेला ठेवला. "घाई नाही," ते म्हणाले. वीस मिनिटं दिली.

ठकी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. सतराव्या मिनिटाला तिने हात काढले. ठकी उठली, पेला सांडू न देता उचलला आणि नेऊन मावशींच्या हातात दिला.

मावशी तो धरून उभ्याच राहिल्या. समितीतल्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या.

पंधरा दिवसांत कळवू, असं सांगून ते गेले. आज एकोणिसावा दिवस. कागद आलेला नाही. बाई रोज सकाळी टॅबलेट पूर्ण चार्ज करून ठकीपुढे ठेवतात. आतापर्यंत त्यांना चौऱ्याण्णव चौकोन आठवले आहेत. तहान लागली की ठकी मावशींची बाही ओढते.