किटलीतलं लोणी

झाशीच्या कॉलनीतल्या मराठी सायकल मंडळात स्नेहलताबाईंचं पद ठरलेलं होतं. ते म्हणजे पोहे. दर रविवारी सात जण हेल्मेटं चढवून बेतवा नदीकडे निघायचे आणि त्यांच्या मागून स्नेहलताबाई नवऱ्याच्या गाडीत पोह्यांचा डबा आणि ताकासाठी दह्याची किटली सांभाळत यायच्या. खरं तर बावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या होत्या आणि आता दोन वर्षं रोज खंडेराव गेटपर्यंत भाजीला सायकलनेच जात होत्या. पण मंडळाचा कप्तान आशुतोष, वय वर्षं एकतीस, त्यांना सायकलस्वार मानायलाच तयार नव्हता.

"काकू, हायवे आहे, ट्रक आहेत, चढ आहेत," तो म्हणायचा. "तुम्ही आपले पोहे आणा. तुमच्या पोह्यांवरच तर मंडळ चाललंय!"

गोड बोलून कुणी खुर्चीत बसवलं की उठायची चोरी होते. मार्चमध्ये बाईंचे यजमान सुभाषचंद्र निवृत्त होणार, मग कायमचं सांगलीला. त्याआधी एकदा तरी बेतवेच्या काठी आपल्या पायांच्या जोरावर पोचायचं, असा बाईंनी हट्टच धरला होता.

त्यांना गुरू भेटला तो दारातच. जयसिंग दूधवाला तीस वर्षं सायकलला दोन कॅन लटकवून नदीकडच्या गावातून शहरात येत होता. त्याच्याकडे ना हेल्मेट, ना गिअर.

"भैया, हायवे से डर नहीं लगता?" बाईंनी विचारलं.

"हाईवे तो मोटरवालन कौ है, भाभीजी. हम तो नहर की पटरी से आउत हैं. न चढ़ाई, न टिरक. दूध न छलके, सो गैल अच्छी."

तो यायचा कालव्याच्या काठाने; दूध हिंदकळलं नाही म्हणजे वाट चांगली, एवढं त्याचं साधं शास्त्र. मग महिनाभर, दूध घालून झालं की तो घरी परतताना बाईंना थोडं थोडं पुढे नेऊ लागला. कुठे कुत्री अंगावर येतात, कुठली म्हातारी पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही, सगळं त्याने दाखवलं. कॅरिअरला पाण्याने भरलेली किटली बांधायला लावली. "डब्बा गले तक भरो, ऊपर घास धरो. आधो भरो तो रस्ता भर मथत जैहै," अर्धा डबा वाटभर घुसळत जातो, हे मात्र दहादा बजावलं.

जानेवारीतला तो रविवार उजाडला. बाईंनी साय न काढता विरजलेलं दही किटलीत भरायला घेतलं, तर भांडं निम्मं रिकामं!

"अहो, दही कुठे गेलं?"

"रात्री भाताबरोबर... थोडंसंच घेतलं गं," सुभाषचंद्र म्हणाले.

आता काय करणार? त्यांनी दह्यात थोडं पाणी घातलं, अर्धीच किटली कॅरिअरला बांधली आणि नवऱ्याला सांगितलं, "पोहे तुम्ही घेऊन या. गाडीने. हायवेवरून." मंडळ निघायच्या अर्धा तास आधीच त्या बाहेर पडल्या.

कालव्याच्या काठाने सायकल अशी चालली की बाई चक्क गुणगुणू लागल्या. गुणगुणण्याच्या नादात तिसऱ्या पुलाऐवजी दुसऱ्याच पुलावरून वळल्या आणि थेट एका गावाच्या विटांच्या रस्त्यावर, तिथल्या भाषेत खरंजावर! दोन मैल हाडं खिळखिळी झाली, दात वाजले, किटली मागे डबडब करत राहिली. पण वाट शेवटी नदीवरच निघाली. समोर बेतवा दिसली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला आसपास कुणी नव्हतं याचा त्यांना फार आनंद झाला.

थोड्या वेळाने पोह्यांसह सुभाषचंद्रांची गाडी आली. मंडळ पोचलं ते आणखी वीस मिनिटांनी, दोन पंक्चर काढून, ट्रकांचा धूर खाऊन. त्यांनी गाडी पाहिली, गाडीशेजारी काकू पाहिल्या आणि झाडाला टेकलेली सायकलही पाहिली.

"वा काकू! सायकल गाडीवर टाकून आणलीत वाटतं?" आशुतोष हसला.

"चालवत आले."

"ती खरंच चालवत आली रे," सुभाषचंद्र म्हणाले.

"काका, बायकोच्या बाजूने नवऱ्याची साक्ष धरत नाहीत!"

सगळे हसले. बाईंना वाटलं, महिनाभराची तंगडतोड, आणि पुन्हा आपण पोहेवाल्याच. त्या ताक घुसळायला रवी घेऊन बसल्या आणि त्यांनी किटलीचं झाकण काढलं. आत पिवळसर लोण्याचा लिंबाएवढा गोळा तरंगत होता.

बाई गोळ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी किटली आशुतोषच्या पुढ्यात सरकवली.

"बघ. घरून निघताना यात नुसतं दही होतं. काकांच्या गाडीत बसून दर रविवारी येतं ते, कधी असं लोणी आलं होतं?"

आशुतोषने किटलीत डोकावलं, हायवेकडे पाहिलं, मग बाईंच्या विटकरी धुळीने माखलेल्या साडीकडे. त्याने कान पकडले.

"काकू, पुढच्या रविवारी त्या वाटेने आम्हाला न्याल?"

"नेईन. पोहे तू करायचेस."

सोमवारी सकाळी दूध मोजून घेताना बाईंनी लोण्याची हकिगत जयसिंगला मोठ्या ऐटीत सांगितली. त्याचं तोंड पार उतरलं.

"मक्खन निकर आओ? आधो डब्बा लैके गईं? और ऊ खरंजा से? हमाई तो नाक कटा दई, भाभीजी! कल से फिर चलौ. भरो डब्बा लैके."

बाईंनी मान खाली घालून "हाँ भैया" म्हटलं. त्यांना आतून इतकं बरं वाटत होतं की बस. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना सायकलस्वार समजून रागावलं होतं.