डंकावरची दोन मुठी ज्वारी

संशय मला पहिल्या वर्षीच आला होता, पण आपणच वेडे आहोत असं म्हणून मी तो गिळला. पारोळ्यात बदली होऊन मला तीन वर्षं झाली. दर उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कुटायला मी कलाबाईच्या डंकावर जाते. मिरची कुटायच्या यंत्राला इकडे डंकच म्हणतात. माझी मिरची कुटून झाली, की कलाबाई डंकात दोन मुठी ज्वारी टाकते, फिरवते, ब्रशने झाडते, आणि मगच पुढच्या बाईची मिरची घेते. दुसऱ्या कुणाच्या मागून ती ज्वारी टाकत नाही. मी तासतासभर बसून पाहिलंय.

गेल्या वर्षी सरळ विचारलं. तर म्हणे, "तुमनी लवंगी गंज तिखी शे ना मॅडम! मांगला बाईसले ठसका लागस."

बरं बाई, लवंगी तिखट, मागून येणाऱ्या बायकांना ठसका लागतो. पण आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि ठसका काय फक्त माझ्याच मिरचीचा लागतो?

शेजारच्या पुनमला मी हे बोलून दाखवलं. पुनम पाटील, माझी इथली एकुलती एक मैत्रीण. माझ्या ताटातली भाकरी मोडून खाते ती. ती हसायलाच लागली. "तुला ना दिपमाला, मास्तरणीची खोड आहे. सगळ्यांचे पेपर तपासत बसतेस!"

"मग तपासूनच बघू," मी म्हटलं. "माझी लवंगी तू ने. तुझी बेडगी मी नेते. तिखट घरी येऊन बदलून घेऊ."

पुनमकडे दरवर्षी बेडगीच. तिच्या सासऱ्यांना, आबांना, तिखट सोसत नाही. दोन्हीकडे तीन-तीन किलो, माझ्या स्वयंपाकघरात पिशव्या बदलल्या. तिला मोठी गंमत वाटत होती. मला मात्र रात्रभर झोप नव्हती. खोटं ठरावं, असंच वाटत होतं हो मला.

सकाळी डंकावर पुनमचा नंबर आधी. माझी लवंगी कुटली गेली, सगळ्या बायका पदर तोंडाला लावून खोकल्या. कलाबाईने ज्वारीच्या डब्याला हात लावला नाही. लगेच रांगेत पुढे असलेल्या कमलबाईची मिरची ओतली, तिखट करून दिलं. मग मी. पुनमची बेडगी, बिचारी लालभडक, तिखटपणा नावालाच. कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही.

आणि कलाबाईने दोन मुठी ज्वारी टाकली. मिरचीकडे तिने पाहिलंच नव्हतं, पाहिलं होतं ते माझ्याकडे.

माझं डोकंच फिरलं. "कलाबाई, ही बेडगी आहे! पुनमची आहे. माझी लवंगी मघाशी तिची समजून कुटलीत तुम्ही, तेव्हा नाही झाडलात डंक?"

कमलबाईने आपल्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, मग पुनमकडे पाहिलं. सगळ्याच बायका पुनमकडे पाहायला लागल्या. मीही पाहिलं. म्हटलं, आता बोलेल.

माझ्याशी कायम शुद्ध बोलणारी पुनम अहिराणीत बोलली, तेही कमलबाईकडे तोंड करून. "माले काय माहीत, माय? यंदा आम्हीन लवंगीच लिन्ही. मनी पिशवी हाईच शे."

म्हणजे लवंगी तिनेच घेतलेली, पिशवीही तिचीच. कमलबाईने झाकण लावलं. कलाबाई ज्वारी झाडत राहिली. मी घरी आले आणि ओट्याजवळ बसून रडले. कलाबाईसाठी नाही. तिचं तर मला तीन वर्षं माहीत होतं.

चार वाजता पुनम मागच्या दाराने आली, डबा पदराखाली. "रागावलीस ना? अगं, तिथे कमलबाई होती, तिच्या घरच्या सगळ्या होत्या. कसं बोलणार मी? चल, बदलून घेऊ. आबांना लवंगी सोसायची नाही."

"देते की," मी म्हटलं. "पण इथे नाही. उद्या डंकावर ये आणि सगळ्यांसमोर माग. म्हण, दिपमाला, माझं तिखट तुझ्याकडे आहे."

तिने डबा पुन्हा पदराखाली घेतला आणि मागच्याच दाराने गेली. आबांचं मला वाईट वाटलं, पण कडी मी लावून घेतली.