नानांची झाकलेली पिकअप

डिझेलचं इंजिन किती चालतं, हा प्रश्न अच्युतला विचारायचा म्हणजे वेळ काढून बसायचं. उभा जन्म आयटीआयमध्ये पोरांना इंजिनं उघडायला शिकवण्यात गेला होता त्याचा. पहिल्याच तासाला टेबलावर हात आपटून तो सांगायचा, "डिझेल इंजिन चालून मरत नाही रे, उभं राहून मरतं. तेल वेळेवर बदला, थंड असताना रेस देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर नीट गरम होऊ द्या. तुमच्या पोरांची लग्नं लागतील तरी ते चालत राहील." पोरं हे वाक्य पाठ करून जायची. इंदूरच्या अर्ध्या गॅरेजांमधून ते आजही ऐकू येतं.

आणि याच अच्युतच्या दारात वडिलांची, नानांची, पिकअप कव्हर घालून उभी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पिकअप नानांची. घराण्यात सगळे कारकून आणि मास्तर, पण नानांनी रिटायर झाल्यावर मुंजी-लग्नांना भांडी भाड्याने द्यायचा धंदा काढला आणि ही गाडी घेतली. नातेवाइकांनी नाकं मुरडली, नानांनी ढुंकून पाहिलं नाही. इंजिनाची निगा अच्युतने राखली, पण चालवायला नानांनी शिकवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीला, कुमुदिनीला. इंदूरबाहेर हातोदच्या रस्त्यावर दुपट्टा कमरेला खोचून ती पातेल्यांनी भरलेली गाडी अशी न्यायची की एक झाकण वाजायचं नाही. जाताना नाना दोघांना म्हणाले, "गाडी दोघांची. जो वापरेल त्याने वापरा, पण वापरा." कागदावर काही नव्हतं. गाडी राहिली अच्युतच्या दारात, कारण ती तिथेच उभी असायची.

पुढे कुमुदिनीने आणि तिच्या नवऱ्याने, अश्विनने, हातोदजवळ रोपवाटिका काढली. गुलाब, मोगरा, कढीलिंब, कुंड्या. एक दिवस ती आली आणि सरळ म्हणाली, "दादा, पिकअप देशील का? माल शहरात आणायला लोडिंग रिक्षावाल्यांच्या मागे फिरून राहिले मी. कधी येतात, कधी नाही. रोपं उन्हात सुकतात."

आता खरं काय ते सांगते. इंजिन त्या दिवशी ठणठणीत होतं. दर रविवारी अच्युत ते चालू करून बायपासपर्यंत चक्कर मारून आणायचा. द्यायला काही हरकत नव्हती. पण त्याच्या डोळ्यांसमोर आलं शेणखत. नानांच्या गाडीत शेणखत आणि चिखल, आणि ती गाडी कायमची हातोदला. हे तोंडावर म्हणायची लाज वाटली, म्हणून भल्या माणसाने मास्तरकीचा आवाज काढला. "देतो म्हटलं असतं गं," तो म्हणाला, "पण इंजिनाचं आयुष्य संपलंय. कंप्रेशन राहिलं नाही. तू एकटी बाईमाणूस, भर रस्त्यात बंद पडली म्हणजे? माझ्या जिवाला घोर."

कुमुदिनी म्हणाली, "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार. इंजिनातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?" चहा घेतला, वहिनीला मोगऱ्याचं रोप दिलं आणि गेली.

शलाका, अच्युतची बायको, कप उचलताना म्हणाली, "परवा तर म्हणत होतात, नव्यासारखं चालतंय."

"तुला त्यातलं काय समजतं," अच्युत म्हणाला.

पुढचा रविवार आला. अच्युत किल्ली घेऊन बाहेर गेला आणि फाटकापाशीच थबकला. समोर भानुमती राहते, कुमुदिनीची शाळेपासूनची मैत्रीण, दिवसभर ओट्यावर. इंजिन धडधडलं की ती फोन करणार, "अगं, तुझ्या दादाची गाडी तर मस्त चालून राहिली." चोराच्या मनात चांदणं. अच्युत परत आत आला. पुढच्या रविवारीही तेच. मग कव्हर आणलं, गाडी झाकली, आणि किल्ली देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात गेली. दसऱ्याला तो कव्हरवरूनच हार घालायचा. पावसाळे येऊन गेले. कव्हर आतून ओलं राहायचं, आणि त्याला ते माहीत होतं. मीठ-भाकरीसारखं रोजचं ज्ञान होतं ते त्याचं. तरी त्याने कव्हर काढलं नाही.

कालपरवा तो काही कामाने कृष्णपुऱ्याला गेला होता. पुलाजवळ सवाऱ्या कोंबून नेणारी एक व्हॅन थांबली आणि तिच्यातून कुमुदिनी उतरली. दोन्ही हातांत पोती, पोत्यांतून मोगऱ्याचे शेंडे बाहेर. ड्रायव्हर करवादत होता, "मॅडम, पूरी गाडी में मिट्टी कर दी." बाकीच्या सवाऱ्या साड्या आवरून बसल्या होत्या. आणि ती बिचारी, नानांची लेक, जिने भरली गाडी एका हाताने वळवावी, ती वाकून आपल्या ओढणीने व्हॅनचा फूटबोर्ड पुसत होती आणि म्हणत होती, "सॉरी भिया, अभी साफ कर देती हूँ."

अच्युत काय करतो? पुढे होऊन पोतं उचलावं की नाही? तो एका दुकानाच्या आडोशाला गेला आणि भिंतीवरची जाहिरात वाचत उभा राहिला. ती निघून जाईपर्यंत वाचत राहिला. घरी आला तो मान खाली घालून. जेवण गेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, आणि व्हायलाच हवं होतं.

रात्री शलाकाला म्हणाला, "कुमुदला गाडी देऊन टाकतो."

"द्या," शलाका म्हणाली. तेवढंच.

सकाळी त्याने कव्हर ओढलं. आतून ओल्या गोणपाटाचा वास आला. नवी बॅटरी आणून जोडली, किल्ली फिरवली. टक्, एवढाच आवाज. पुन्हा टक्. त्याने स्टार्टर तपासला, तो बरा होता. मग पुढच्या पुलीला मोठा पाना लावून हाताने इंजिन फिरवायचा प्रयत्न केला. पाना हलेना. अंगाचा भार टाकला, हलेना. इंजेक्टर काढून आत टॉर्च मारला, तर सिलिंडरमध्ये गंज. पाणी उतरलं होतं, पिस्टन जागच्या जागी चिकटून बसला होता. पोरांना असं इंजिन तो कापून दाखवायचा. हे बघा, म्हणायचा, हे कोणी चालवलं नाही म्हणून मेलं.

तो बॉनेटमध्ये डोकं घालून तसाच उभा राहिला. रविवारची एक चक्कर मारली असती, भानुमतीला ऐकू गेलं असतं तर गेलं असतं, इंजिन तरी जगलं असतं. त्याच्या खोट्यानेच ते मारलं होतं, दुसऱ्या कशाने नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. कुमुदिनी. भानुमतीनेच फोन केला होता, बॉनेट उघडं दिसलं म्हणून. घाईघाईत आली होती, नखांत माती तशीच. "दादा, चालू होतेय का रे?"

अच्युतने मान हलवली. "जाम झालंय. संपलं."

कुमुदिनीने मडगार्डवर हात ठेवला. नानांच्या हाताने घासून तिथला रंग उडाला होता. तिचे डोळे भरून आले. मग ती त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, एक सांगू? रागावू नको. तू तेव्हा इंजिन संपलंय म्हणालास ना, मला खरं नव्हतं वाटलं. वाटलं, द्यायची नाही म्हणून बहाणा करून राहिलाय. अश्विनपाशी मी तुला नाही नाही ते बोलले. स्वार्थी म्हटलं. कोतं मन आहे म्हटलं." तिने ओढणीने डोळे टिपले. तीच ओढणी. "आणि तू बरोबर होतास. मी चालवत असते तर कुठे तरी रस्त्यात अडकले असते. माझी काळजी केलीस, आणि मी असा विचार केला. माफ कर मला."

आता बोलायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते, कुमुद, मी खोटं बोललो. अच्युतने तोंड उघडलं. शलाका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. कुमुदिनी मान खाली घालून वाट बघत होती. तो मोठा भाऊ होता, मास्तर होता, आणि इंदूरची अर्धी गॅरेजं त्याच्या एका शब्दावर चालत होती.

त्याने ग्रीस लागलेला हात पुसला आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवला.

"असू दे गं," तो म्हणाला. "मी मनावर नाही घेतलं."

शलाका चहा तसाच घेऊन आत गेली.