बिनखिशाचे सदरे

सिंधूबाई वाचायला लागल्या की त्यांच्या हातातली कडुनिंबाची काडी ओळीखालून इतकी सावकाश सरकायची, की जणू शब्दांची झोप मोडू नये म्हणून ती चवड्यांवर चालते आहे. लढाईमुळे हिंदी मुलखातल्या रांझीच्या त्या प्राथमिक शाळेच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते. एका फाटक्या कोपऱ्यातून हिवाळ्याचं ऊन आत यायचं आणि बाईंच्या मनगटावर, मग काडीवर, मग फळ्यावरच्या एखाद्या अक्षरावर बसायचं. हे मी दाराआडून पाहिलं. आत जायचं धैर्य होत नव्हतं.

बाईंची एक रीत होती. दर सोमवारी मुलांनी वडिलांच्या खिशातलं काहीतरी आणायचं: बसचं तिकीट, सुपारीचं खांड, सायकलची किल्ली. वस्तू हातोहात फिरायची. मुलं तिचा वास, रंग, खरखरीतपणा सांगायची. मग तिचं नाव फळ्यावर उमटायचं. बोटांनी आधी चाचपलेला शब्द वाचताना दुसरीतली ती मुलं अडखळत नसत. गल्लीतल्या हिंदीने मागे सारलेली घरची मराठी अशी दर सोमवारी एकेका मुठीतून वर्गात यायची.

माझी लेक मंदा मात्र रिकाम्या हाताने गेली. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. ठिणगी पाडणारं काही चुकूनही आत जाऊ नये म्हणून तिथले कपडे बिनखिशाचे असतात. लढाई पेटली तशी ती धास्ती माझ्या घरापर्यंत आली, आणि मी घरच्या सदऱ्यांचेही खिसे बायकोकडून उसवून घेतले.

"अहो, मग रुमाल कुठं ठेवाल? डोक्यावर?" ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

वर्गात मंदा म्हणाली, "बाबांना खिसाच नाही." पोरं ओरडली, "बिना जेब के पापा!" बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मंदाला सांगितलं, वस्तू नसेल तर बाबांकडून एक शब्द आण.

संध्याकाळी ती माझ्या गुडघ्याला बिलगली. "बाबा, तुमच्या कारखान्यातला एक शब्द द्या ना."

फाटकावरच्या झडत्या, हेरांविषयीची कुजबुज, भोंगा, सगळं मला एकदम आठवलं. मी म्हणालो, "शाळेत तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही."

आज्ञाधारक मूल ते. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलं नाही. धडा वाचायला उभी केली तरी नाही. बाईंचा निरोप आला, पुन्हा आला. जादा पाळीचं कारण सांगून मी टाळत राहिलो. बाई कारखान्याचं काही विचारतील, या भीतीने मी लेकीच्या मौनाकडे पाठ फिरवली.

शेवटी दाराशी उभा राहिलो, तेव्हा बाईंनीच हाक मारली. "या जी, भाऊ. पोरगी वाचून नाही राहिली. डोळे ओळीवरून जातात, ओठ हलतात, आवाज तेवढा निघत नाही. काहून?"

"बाई, आम्हाला बोलायची बंदी आहे."

बाई म्हणाल्या, "अच्छा. बंदी तर गोळ्यांची आहे न जी? इमली की थोडी है! चिंचेवर कुठं बंदी आहे!" मग काडी खाली ठेवून हळू म्हणाल्या, "ह्या वयात मुकं वाचायची सवय जडली, तर अक्षरं ओळखंल ती, पण पुस्तकाची होणार नाही."

त्या संध्याकाळी बायकोने सदऱ्याला पुन्हा खिसा लावला. "उसवा म्हणता, लावा म्हणता, शिंपी तरी मजुरी घेतो!" वाटेवर उचललेला चिंचोका मी त्यात टाकला. मंदा कितीतरी वेळ त्या खिशाकडे पाहत राहिली. मग तिने हात घातला, चिंचोका काढला आणि दाराकडे पाहिलं.

"हे शाळेत सांगायचं," मी म्हणालो. "मीच सांगतोय."

त्या सोमवारी तिने नुसती मूठ उघडली. पुढच्या सोमवारी, बाई सांगतात, कागदाच्या फटीतल्या उन्हाहूनही बारीक आवाज आला: "चिंचोका. गुळगुळीत." मग फळ्यावरचा तोच शब्द तिने वाचला. वर्ग हसला नाही.

लढाई थांबली. पळस फुलायच्या आत बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि त्या गेल्या; जाताना काडी मंदाला देऊन गेल्या. मंदा आता मोठ्याने वाचते. पण पान उलटण्याआधी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहते, अजून परवानगी आहे ना म्हणून. मी घाईघाईने मान हलवतो.

शाळेचे खाकी कागद निघाले, काचांवर खळीचे डाग राहिले. ऊन आता मोकळं आत येतं, पण त्या डागांशी जरा थांबतं. मंदाचं वाचन तसं माझ्या चेहऱ्याशी थांबतं. आणि ज्या दिवशी ते न थांबता पुढे जाईल, त्या दिवशी ते ऐकायला बाई इथे नसतील.