काचेतून आलेलं ऊन

काचकाकांचं आयुष्य काचा कापण्यात आणि बसवण्यात गेलं होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना काचकाका म्हणायची. बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते कामाशिवाय खाली उतरेनासे झाले. खाली गेलं की जो तो विचारणार, "आता एकटेच का?" त्याला काय सांगणार?

तीन महिन्यांपूर्वी तपासणीत त्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती आणि 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. मुलीने फोनवरच निकाल लावला होता.

"बाबा, पुढच्या वेळी साखर वाढलेली निघाली, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे."

"तुझ्याकडे करू काय मी?"

"इथे तरी काय करता?"

पण काकांना हे घर सोडायचं नव्हतं, म्हणून ते रोज अकरा वाजता शर्टाच्या बाह्या सरसावून खिडकीशी उन्हात बसू लागले. एक दिवस चुकवला नाही. खालच्या रस्त्यावरची माणसं आपापल्या कामाला जात. त्यांचा आवाज वर येत नसे.

आज डॉक्टरीणबाईंनी नवा कागद पाहिला. साखर होती तिथेच होती. 'ड'ही जागचं हललं नव्हतं.

"काका, उन्हात बसता ना? खरं सांगा."

"रोज अर्धा तास. खिडकीशी."

"खिडकी उघडून?"

"ती उघडत नाही. अखंड काच आहे. हिला धुळीचा त्रास होता, म्हणून मीच बसवली."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण ज्या किरणांनी कातडीत 'ड' तयार होतं, ते काच बाहेरच अडवते."

"माझी काच आरशासारखी स्वच्छ असते."

"कितीही घासा."

काका ओशाळले. काच काही अडवत नाही, फक्त वारा अडवते, असं त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

"मग 'ड' वाढलं की साखर उतरेल?"

"तशी खात्री मी देणार नाही. ज्यांच्यात 'ड' कमी, त्यांच्यात मधुमेह जास्त आढळतो, एवढं दिसलंय. एकामुळे दुसरं होतंच, असं नाही. गोळ्या लिहून देते, त्या घ्या. पण घराबाहेर पडा, चाला. साखरेला त्याचा उपयोग नक्की आहे."

घरी येऊन ते खुर्चीत बसले. ऊन मांडीवर पडलं होतं, उबदार आणि निरुपयोगी. मग ते उठले, पटाशी काढली आणि चौकटीभोवतीची वाळलेली पुट्टी खरवडू लागले. इथे दोन झडपांची, उघडणारी खिडकी बसवायची. तीन बाजू मोकळ्या झाल्या आणि त्यांचा हात थांबला.

एवढी मोठी काच एकट्याने काढायची नसते. कामाला शिकतानाचा पहिला धडा तो. ही काच बसवताना दुसरी कड बायकोने धरली होती आणि "सुटली तर माझ्या नावाने ओरडायचं नाही," असं वर बजावलंही होतं.

मग त्यांनी समोरचं दार वाजवलं. तिथे एक निवृत्त पोस्टमन एकटेच राहत. त्यांनी दार उघडून काकांच्या हातातल्या पटाशीकडे पाहिलं.

"दोन वर्षांनी आलात, तेही हत्यार घेऊन?"

"काच धरायची आहे. एक कड."

"पत्रं टाकणारे हात आहेत हे. जमेल?"

"मी म्हणेन तेव्हा उचलायचं, बस."

काच अलगद सुटली. दोघांनी ती भिंतीला टेकवली. रस्त्यावरचा गलका एकदम खोलीत शिरला. कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. काकांच्या उघड्या हातांवर ऊन पडलं, त्याच्यासोबत वारा होता.

पोस्टमन निघाले नाहीत. डोळे मिटून तिथेच उभे राहिले.

"बरं वाटतंय हो."

काकांनी दुसऱ्या खुर्चीवर साठलेले कपडे उचलले.