लख्ख झालेला पाईप

मी एक पाईप बोलतोय. पाण्याचा नव्हे, तंबाखू ओढायचा. मान वर करून बोलायची सोय आता राहिलेली नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

एका झुडपाच्या मुळाशी असलेल्या गाठीतून माझा जन्म झाला. कारागिराने ती उकडली, वर्षानुवर्षं वाळवली, कोरून तिची वाटी केली आणि काम मनासारखं उतरलं म्हणून माझ्या दांडीवर आपला शिक्का उमटवला. तो शिक्का मी फार मिरवला. मालकांच्या फळीवर आम्ही बरेच जण होतो, पण लाडका मीच.

मालक छापखान्यात प्रुफं तपासायचे. चूक सापडली की मला दातांत करकचून धरायचे, त्यामुळे माझ्या नळीवर त्यांच्या सुळ्याची खूण पडली होती. मालकीणबाई नाक मुरडायच्या. "घराचं धुराडं केलंय यांनी," म्हणत खिडकी उघडायच्या. पण मालक बाहेर निघाले की मला रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात सरकवायच्याही त्याच.

मालक खोकून खोकून गेले. त्यात माझा हात होता हे मला ठाऊक आहे. बाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही, याची मला जास्त लाज वाटते.

पुढे बाईंनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं. तिच्याकडे जागा कमी, म्हणून आम्हाला विकायला काढलं. पैशांचं त्यांना काही नव्हतं. एखाद्या जाणत्या माणसाने यांची वस्तू हातात घ्यावी आणि "माणूस रसिक होता हो" म्हणावं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

म्हणून त्यांनी मला नटवायला घेतलं. चाकूच्या टोकाने वाटीतला काजळीचा थर खरवडला. गरम पाण्यात साबण घालून मला बुडवून ठेवलं. मग पॉलिश पेपरने घासत बसल्या, अगदी दातांची खूण जाईपर्यंत. मनगट भरून आलं तेव्हा थांबल्या आणि बाकीचे पाईप तसेच राहिले. "आता कसा नवरदेव दिसतोस," मला म्हणाल्या. मीही खुळा, फुशारलो.

बघायला दोघे साडू आले. थोरला जुने पाईप जमवण्यात मुरलेला. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान, तो नुकताच या नादाला लागलेला. "आज मी गप्प. तूच पारख," थोरला म्हणाला. धाकट्याने खिशातून भिंग काढलं. थोरल्यासमोर त्याला हसं करून घ्यायचं नव्हतं.

बाईंनी मला सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं. चष्मेवाल्याने मला उचललं, खिडकीपाशी नेलं, दांडी उजेडात तिरकी धरली आणि त्याचा चेहरा खुलला.

"दादा, हा घासलाय. शिक्का बघा, अर्धा उडालाय. वाटीचे काठ गोल झालेत. आतला थर खरवडून लाकूड उघडं पाडलंय, वर साबणाचा वास. चांगल्या वस्तूची कुणीतरी पार वाट लावलीय."

"बरोबर ओळखलंस," थोरला म्हणाला.

बाईंनी आपले हात पाठीमागे नेले. "धुवायचा नसतो का हो?"

"छे, काकू. जुन्या पाईपला असं बुडवायचं नसतं. त्याचं मोल तर या खुणांमध्येच..." बोलता बोलता चष्मेवाल्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

मी टेबलावर नुसता चमकत होतो. इतका चकचकीत मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि तोंड लपवावंसं इतकं कधी वाटलंही नव्हतं. मालकांच्या आवडीची साक्ष द्यायला मला पुढे केलं होतं, आणि मी बाईंनाच खाली पाहायला लावलं.

बाकीचे सगळे पाईप ते घेऊन गेले. मग बाईंनी मला नाकाशी धरलं. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. आत कुठे मालकांचा धूर उरलाय का, म्हणून मीही जीव एकवटून शोधत होतो. साबणाशिवाय काही नव्हतं.

"धुऊन टाकलं हो मी तुम्हाला," बाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला एकटाच आला. आत न येता दारातच उभा राहिला. "काकू, काल मी फार शहाणपणा पाजळला. हा तुमच्याकडेच राहू द्या." त्याच्या हातात आमच्यातला बुटका पाईप होता. मालकांना सर्दी झाली की ते तेवढा त्यालाच काढायचे. बाईंनी त्याला हुंगलं. मग रडता रडता हसल्या.

आता लेकीकडच्या खोलीत आम्ही दोघे बाईंच्या उशाशी असतो. निजायच्या आधी त्या बुटक्याला हुंगतात. मग मलाही उचलतात, पुसतात आणि परत ठेवतात. नाकाशी नेत नाहीत. त्यांना माझ्याकडे बघवत नाही आणि मला त्यांच्याकडे.

तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू मागे राहिली असेल. पाहुण्यांसमोर मांडायची म्हणून ती घासायला घ्याल, तर एक विनंती आहे. पाण्यात घालायच्या आधी तिला एकदा नाकाशी धरून बघा.