पांढरा उजेड

गिलगँड्रा गावाच्या पलीकडे आमच्या आकाशनिरीक्षण क्लबचं माळरान आहे. तिथे कायदा एकच: अंधार पडला की पांढरा उजेड बंद. फोनवर लाल जिलेटिनचा कागद, बॅटरीवर लाल जिलेटिन. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि बिघडायला एक क्षण. जो चुकेल त्याने सकाळी सगळ्यांना नाश्ता करून घालायचा. हा कायदा पाळून घेण्याचं काम माझं, आणि मी ते जरा जास्तच हौसेने करायचो.

त्या शनिवारी निघताना आमच्यातल्या रॉडनीच्या बायकोने, ग्लेनिसने, मला गाडीपाशी गाठलं. "ट्रेवर, याच्या छातीत परत दुखायला लागलंय. गोळ्यांची बाटली खिशात दिलीय. दुखलं की लगेच जिभेखाली. हा भिडस्त, सांगायचा नाही कोणाला. लक्ष ठेवशील ना?"

"काळजी सोड. माझी नजर असते सगळ्यांवर."

"नजर?" रॉडनी हसला. "जेलर आहे लेकाचा!"

रात्री दोनच्या सुमारास दुर्बिणीत एक फिकट दीर्घिका नुकती कुठे दिसायला लागली होती, तोच रॉडनीच्या बाजूला पांढराफटक उजेड पडला. फोन जमिनीकडे धरून तो काहीतरी शोधत होता. माझं टाळकंच फिरलं.

"रॉडनी! बंद कर ते! अर्धा तास घालवलास माझा!"

"एक मिनिट, ट्रेवर..."

"एक सेकंदसुद्धा नाही! उद्या अंडी तू तळायचीस, बावीस जणांची!"

माळभर हशा पिकला. कोणीतरी शिट्टी मारली.

"सॉरी, गड्यांनो," तो म्हणाला, आणि उजेड गेला. मी डोळे मिटून बसलो, मनात त्याला शिव्या देत.

उजाडलं तेव्हा तो खुर्चीतच होता, गार पडलेला. मांडीवरच्या फोनवर लाल जिलेटिन नीट परत बसवलेलं. बाटली त्याच्या बुटापासून वीतभर लांब, वाळल्या गवतात. तिचं झाकण लाल होतं. लाल उजेडात लाल झाकण आणि पिवळं गवत सारखंच दिसतं. नकाशावर लाल पेनाने खुणा करू नका, असं नव्या सभासदांना मीच शिकवतो. मला माझी शिसारी आली.

ग्लेनिसला फोन मीच केला. ती म्हणाली, "त्याने कोणाला हाकसुद्धा मारली नाही का रे?"

"नाही," मी म्हणालो. "झोपेतच गेला असणार."